दावा ‘अपात्र’ ठरला, आता कोर्टात काय? वारसांच्या मदतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला माणूस गेल्यावर सरकारकडून मिळणारी मदत किंवा निवृत्तिवेतन नाकारलं गेलं असेल, तर त्या निर्णयाला आव्हान देता येतं. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी हायकोर्ट म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. खालची उत्तरं गावात राहून कागद गोळा करणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत.

हायकोर्ट आमचा दावा पहिल्यापासून तपासतं का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका ऐकताना हायकोर्ट साक्षीदार बोलावत नाही, उलटतपासणी घेत नाही. कास्तकार खरंच कर्जात बुडाला होता का, हे ते स्वतः ठरवायला बसत नाही. निर्णय कसा घेतला गेला, एवढंच ते पाहतं. समितीने योग्य शासन निर्णय लावला का, समोरचे कागद वाचले का, कारणं लिहिली का, तुम्हाला म्हणणं मांडू दिलं का, निष्कर्षाला काही आधार आहे का, हे त्यात येतं.

यातून एक गोष्ट निघते आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. हायकोर्टातलं प्रकरण तहसीलच्या फाइलवर चालतं. जो कागद त्या फाइलमध्ये गेलाच नाही, त्याकडे समितीने दुर्लक्ष केलं असं सांगता येत नाही. म्हणून वकील शोधण्याआधी फाइलमध्ये काय आहे आणि काय नाही, ते बघा. राहिलेला कागद आधी आवक क्रमांक घेऊन कार्यालयात द्या, मगच पुढचं पाऊल टाका.

कोणत्या दाव्यासाठी कुठे जायचं?

शेतकरी आत्महत्येची मदत, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं सानुग्रह अनुदान, वीज पडून किंवा पुरात झालेल्या मृत्यूचे ४ लाख, वन्यप्राण्याच्या हल्ल्यातली मदत आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचा कर्ता गेल्यावर मिळणारे २० हजार हे सगळे दावे सरकारी समिती किंवा अधिकारी ठरवतात. योजनेत वरच्या समितीकडे दाद मागायची सोय असेल, तर आधी तिथे जा आणि मग नागपूर खंडपीठात.

कुटुंब निवृत्तिवेतनाचं तसं नाही. इथे मृतक कुणाच्या नोकरीत होता यावर सगळं अवलंबून आहे. पोलीस शिपाई, वनरक्षक, तहसीलचा लिपिक हे राज्य शासनाचे कर्मचारी, म्हणून त्यांचे वारस आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे मॅटच्या नागपूर खंडपीठात जातात. तिथला निकाल पटला नाही तर हायकोर्ट. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून हा क्रम पक्का आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक आणि अनुदानित शाळांचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्या वारसांसाठी थेट हायकोर्ट. रेल्वे आणि पोस्टाची प्रकरणं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. दार चुकलं तर वर्ष-दोन वर्षांनी ‘योग्य ठिकाणी जा’ एवढाच आदेश हातात पडतो.

अपघात योजनेत आणखी एक फाटा आहे. ही योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालायची. त्या काळातल्या मृत्यूचा दावा कंपनीने नाकारला असेल, तर त्याची जागा जिल्हा ग्राहक आयोग होती आणि मुदत २ वर्षं. २०२३ पासून शासन स्वतः सानुग्रह अनुदान देतं. त्यात हप्ता भरून घेतलेली विमा सेवा नाही, त्यामुळे तो रस्ता लागू पडत नाही. मृत्यूची तारीख बघूनच ठरवा.

‘तुमचं प्रकरण बसलं नाही’ एवढंच तोंडी सांगितलं. लेखी काहीच नाही.

तोंडी नकाराला आव्हान देणं फार अवघड जातं, म्हणून लेखी आदेश मिळवा. तहसीलदार किंवा संबंधित अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज करा: माझ्या दाव्यावर झालेल्या निर्णयाची प्रत, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि चौकशी अहवाल द्यावा. आवक शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवा. सोबतच माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये भरून टाका. दारिद्र्यरेषेचा दाखला असेल तर तेही लागत नाहीत. उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पहिलं अपील करायलाही ३० दिवस.

माहिती अधिकारात ‘माहिती द्या’ असं मोघम मागू नका. कागदांची नावं लिहा: तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, कृषी सहायकाचा अहवाल, पोलिसांचं पत्र, बँकेचं पत्र, कार्यालयीन टिपणीची पानं. टिपणीत बऱ्याचदा खालच्या अधिकाऱ्याने ‘पात्र’ अशी शिफारस केलेली असते आणि वर कारण न देता ती फिरवलेली असते. याचिकेत याहून कामाचा कागद क्वचितच सापडतो.

निर्णयच घेतलेला नसेल, फाइल नुसती पडून असेल, तर ठरावीक दिवसांत निर्णय घ्या असा आदेश हायकोर्टाकडून मागता येतो. अशा याचिका तुलनेने लवकर निकाली निघतात.

आदेशात एकच ओळ आहे. तीवर कोर्टात जाता येतं का?

येतं, आणि ती ओळच तुमचा मोठा मुद्दा असू शकते. ‘सदर प्रकरण शासन निकषात बसत नसल्याने अपात्र’ एवढंच लिहिलं असेल, तर कोणता निकष, का बसत नाही आणि कोणता कागद पाहिला हे कळतच नाही. याचिका दाखल झाल्यावर सरकारी बाजू शपथपत्रात पाच नवी कारणं देते: जमीन नावावर नव्हती, थकबाकी नव्हती, दारूचं व्यसन होतं. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितलं आहे की आदेशाची वैधता त्यातच लिहिलेल्या कारणांवरून ठरते, मागाहून शपथपत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. वकिलाला हे माहीत असतंच. तुम्ही फक्त मूळ आदेशाची तारखेसह स्वच्छ प्रत त्यांच्या हाती द्या.

शेतकरी आत्महत्येची प्रकरणं कशावरून अपात्र होतात?

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार मासिक उत्पन्नाच्या ठेवीत. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा असतो. नापिकी, बँक किंवा परवानाधारक सावकाराचं न फिटलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा या तीन गोष्टींभोवती चौकशी फिरते. समितीने तिन्हींवर काय मत नोंदवलं, ते वेगवेगळं वाचा.

सर्वांत जास्त घात ‘थकबाकी नाही’ या शेऱ्याने होतो. खेड्यात पीककर्ज कसं चालतं ते ठाऊक असलेल्याला यातली गोम लगेच कळते. मार्च संपायच्या आत सोसायटीचं कर्ज ‘नवं-जुनं’ केलं जातं. कास्तकार चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज निघालं की त्यातून उचल फेडतो. वहीवर खातं नियमित दिसतं, प्रत्यक्षात कर्ज व्याजासकट वाढत जातं. बँकेचं पत्र ‘मृत्यूच्या दिवशी खातं थकीत नव्हतं’ असं म्हणतं आणि समिती तिथेच थांबते. म्हणून एका ओळीच्या दाखल्यावर समाधान मानू नका. किमान मागच्या ४-५ वर्षांचा पूर्ण खातेउतारा काढा. २८ मार्चला भरणा आणि ५ एप्रिलला त्याहून मोठी उचल, असं दरवर्षी दिसत असेल तर त्या नोंदींवर खूण करा आणि फेरविचाराच्या अर्जात हे सरळ शब्दांत लिहा. हा उतारा समितीपुढे गेला आणि तिने त्यावर एक शब्दही काढला नाही, तर हायकोर्टात मुद्दा उभा राहतो.

दुसरा शेरा ‘मृतकाच्या नावे शेती नाही’. विदर्भात वडील हयात असताना वावर मुलाच्या नावे क्वचितच होतं. वडिलांचा सातबारा आणि आठ-अ, एकत्र शिधापत्रिका, त्याच जमिनीवर मुलाने भरलेला पीकविमा, बियाणं-खताच्या पावत्या जोडा आणि शासन निर्णयातली कुटुंबाची व्याख्या त्या कागदांशेजारी ठेवा.

नापिकीसाठी गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, मागवा. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. ५० पैशांच्या आत असेल तर उत्तम. वर असेल तरी हरलात असं नाही, कारण ती अख्ख्या गावाची सरासरी असते. नाल्याकाठचं वावर खरडून गेलं असेल, तर त्याच गटाचा नुकसानीचा पंचनामा किंवा अनुदानाच्या यादीतलं नाव दाखवा.

परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज निकषात मोजलं जात नाही. ते वास्तव कितीही कडू असलं तरी त्या एका गोष्टीवर याचिका उभी करू नका. बाकीच्या मुद्द्यांसोबत सांगा.

फवारणी करताना विषबाधा झाली, पण पोलिसांनी ‘विष प्राशन’ लिहिलं. आता?

हा प्रश्न कपाशीच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली ते सर्वांना आठवत असेल. कीटकनाशक तेच असतं. अंगावर उडून किंवा श्वासातून गेलं तर तो अपघात, आणि मुंडे योजनेत मृत्यूला २ लाख. स्वतःहून प्यायलं तर त्या योजनेत काहीच नाही. एका शब्दावर प्रकरण या योजनेतून त्या योजनेत जातं, आणि कधी कधी दोन्हीकडून बाद होतं.

इथे पहिल्या दिवसाचे कागद निर्णायक ठरतात. दवाखान्यात भरती करताना नातेवाइकाने सांगितलेली आणि डॉक्टरांनी लिहून घेतलेली हकीकत आधी मिळवा. मग घटनास्थळ पंचनामा: पंप वावरात होता का, किती भरलेला होता, अंगावरचे कपडे ओले होते का, औषधाची बाटली कुठे सापडली. शवविच्छेदन अहवालात पोटातल्या द्रव्याविषयी काय लिहिलंय ते वाचा. व्हिसेऱ्यात (तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांत) कीटकनाशक सापडलं म्हणजे ते प्यायलंच, असं आपोआप ठरत नाही, कारण कातडीतून आणि फुप्फुसातून गेलेलं विषही अवयवांत पोहोचतं. हे समितीने लक्षात न घेता नुसतं ‘व्हिसेरा अहवालानुसार विषप्राशन’ लिहिलं असेल, तर तो आधाराविना काढलेला निष्कर्ष म्हणून मांडता येतो.

शवविच्छेदनात ‘मत राखीव, व्हिसेरा जतन’ असं असेल, तर रासायनिक अहवाल आल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मृत्यूच्या कारणाचं अंतिम मत घ्यावं लागतं. पोलीस ठाण्यात अहवाल येऊन पडतो, डॉक्टरांपर्यंत जात नाही आणि कृषी कार्यालयात फाइल ‘त्रुटीत’ राहते. तो कागद स्वतः पाठपुरावा करून पुढे न्या. योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. व्हिसेऱ्यासाठी अर्ज थांबवू नका, ‘अहवाल प्रलंबित’ लिहून आधी दाखल करा.

वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला, वनविभाग म्हणतो ‘परवानगीशिवाय जंगलात गेले’.

२०२३ पासून वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी राज्यात २५ लाख रुपये आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियात मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हा वाद होतो. घटना नेमकी कुठे झाली, त्या जागेचा कक्ष क्रमांक (वनखंडाचा क्रमांक) काय, ते पंचनाम्यात आहे का बघा. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल आणि जागा त्या क्षेत्रात असेल, तर गौण वनोपज गोळा करायला लोकांना कायद्यानेच हक्क दिला आहे. वनहक्काचा नकाशा जोडा.

कुटुंब निवृत्तिवेतनात सर्वांत जास्त भांडण कशाचं?

दोन बायकांचं. पहिली पत्नी हयात आणि घटस्फोट नसताना झालेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने शून्य ठरतं, आणि त्या पत्नीला निवृत्तिवेतन मिळत नाही. तिच्या मुलांचा हक्क मात्र जात नाही. रामेश्वरी देवी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये हे स्पष्ट केलं. कार्यालय कधी कधी ‘वाद आहे’ म्हणून आई आणि मुलं सगळ्यांचंच थांबवतं, ते चूक आहे. पण लग्न झालंच होतं का, काडीमोड झाली होती का, असा वाद असेल तर हायकोर्ट तो सोडवत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय. हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या पक्षाला याचिकेत प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर प्रकरण तिथेच अडतं.

मृत्युपत्राने कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला देता येत नाही. ते नियमाने ठरतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ चा नियम ११६ वाचा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला कर्मचारी सेवेत असताना वारला असेल, तर ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णयही पाहा.

आणखी एक अन्याय वारंवार होतो. शिक्षक किंवा शिपाई वारल्यावर कार्यालय जुनी वेतननिश्चिती तपासतं आणि ‘पूर्वी जादा पगार दिला गेला’ म्हणून विधवेच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) लाख-दीड लाख कापतं. वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, आणि निवृत्तांकडून, त्यांची काही लबाडी नसताना अशी वसुली करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाचा रफिक मसीह निकाल सांगतो. एक अपवाद लक्षात ठेवा: जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र मृतकाने दिलं होतं का, ते सेवापुस्तकात तपासा.

किती दिवसांत जायला हवं?

मॅटमध्ये अंतिम आदेशापासून १ वर्ष. आदेशाविरुद्ध रीतसर अर्ज केला आणि ६ महिने उत्तर आलं नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष. उशीर झाला तर वेगळा माफीचा अर्ज लागतो.

हायकोर्टातल्या याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण कारण न सांगता लावलेला उशीर अंगाशी येतो. आदेश हाती पडल्यापासून ६ महिन्यांच्या आत जाणं चांगलं. निवृत्तिवेतन दर महिन्याला थकतं, म्हणून उशिरा गेलात तरी हक्क बुडत नाही. मात्र सुप्रीम कोर्टाच्या तरसेम सिंग निकालानुसार (२००८) मागची थकबाकी साधारण याचिकेच्या आधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. उशिराची किंमत अशी रोख मोजावी लागते.

लोकशाही दिनात दिलेला अर्ज, आमदारांचं पत्र, ‘आपले सरकार’ वरची तक्रार यांनी मुदत वाढत नाही. तेच म्हणणं दहादा लिहून पाठवल्यानेही नाही.

वकिलाचा खर्च कसा झेपणार?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. विधवा बहिणीला उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, तर हे कलम दाखवा. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत देता येतो, तिथून तो नागपूरच्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे जातो. फोन १५१००. या सोयीत टायपिंग आणि कोर्ट फीचाही समावेश आहे.

‘मंजूर करून देतो, निम्मे माझे’ म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, पासबुक तर मुळीच नको.

याचिकेसाठी काय घेऊन जायचं?

नकाराचा आदेश, मूळ अर्ज आणि पोच, मृत्यूचा दाखला, मर्ग खबर (अकस्मात मृत्यूची पोलिसांतली नोंद), पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, आठ-अ, वारस नोंद (नमुना ६-क), खातेउतारे, माहिती अधिकारात मिळालेली सगळी पानं. हाताने लिहिलेला पंचनामा वाचता येत नसेल तर टाइप करून घ्यावा लागतो. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे महत्त्वाच्या मराठी कागदांच्या भाषांतराला आठवडा-दोन आठवडे धरा. वकिलाला झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी ठेवा.

नावातला फरक आधीच शोधा. सातबारावर ‘बाबाराव’, आधारवर ‘बाबुराव’, मृत्यूच्या दाखल्यात तिसरंच. एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र करा आणि सोबत शाळेचा दाखला जोडा, नुसत्या शपथपत्रावर कार्यालयं अडवतात.

दर पेशीला नागपूरला जावं लागतं का?

नाही. सिरोंचा किंवा धारणीहून हेलपाटे घालायची गरज नाही. वकीलपत्रावर आणि शपथपत्रावर सह्या झाल्या की पुढची पेशी वकील सांभाळतात. प्रकरणाची स्थिती आणि आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावर दिसतात, त्यासाठी याचिका क्रमांक आणि वर्ष लिहून ठेवा. पहिल्या तारखेला बहुधा नोटीस निघते, मग सरकारी उत्तर येतं. उत्तराची प्रत वकिलाकडून मागून घ्या आणि ओळन् ओळ वाचा. गावातल्या वस्तुस्थितीतली चूक वकिलाला दिसणार नाही, ती तुम्हालाच दिसेल.

जिंकलो तर कोर्ट थेट पैसे द्यायला सांगतं का?

निवृत्तिवेतनात, हक्क कागदावर स्पष्ट असेल तर बऱ्याचदा हो, कधी व्याजासह. समितीच्या मदतीत सहसा जुना आदेश रद्द होतो आणि ठरावीक आठवड्यांत, तुमचं ऐकून, कारणांसह नव्याने निर्णय घ्या असं सांगितलं जातं. हा अर्धा विजय आहे. फेरसुनावणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. कोर्टाच्या आदेशाची प्रत, मुद्देसूद लेखी म्हणणं आणि राहिलेले कागद द्या, आणि हजेरी नोंदवून घ्या. पुन्हा त्याच कारणाने नाकारलं, तर दुसरी याचिका पहिलीपेक्षा भक्कम असते.

आदेश होऊनही कार्यालय हलत नाही.

आदेशाची प्रत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. मुदत तुम्ही प्रत दिल्यापासून धरायची, असं आदेशात अनेकदा असतं. मुदत संपल्यावर वकिलामार्फत नोटीस, आणि तरीही नाही तर अवमान याचिका. ती अवमान झाल्यापासून १ वर्षाच्या आत दाखल करावी लागते. ‘बिल ट्रेझरीत आहे, पुढच्या महिन्यात होईल’ या उत्तरांत ते वर्ष निघून जाऊ देऊ नका.